सोलापूरच्या मार्चमध्ये २५ अंश येतात कुठून?

महोदय,

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल रंगवणाऱ्या एका युनिटची प्रयोगशाळा मी सांभाळतो. उन्हाळ्यात निकाल लागले की बीएस्सी केमिस्ट्री झालेली मुलं-मुली नोकरीसाठी येतात. गुणपत्रिका मी नंतर बघतो, आधी फिजिकल केमिस्ट्रीच्या प्रात्यक्षिकांची वही, म्हणजे जर्नल, मागतो. अक्षर वळणदार, आलेख देखणे, पानोपानी सरांची सही. मिथाइल ॲसिटेट या एस्टरच्या जलविच्छेदनाचा (पाण्याने विघटन होण्याचा) प्रयोग त्यात हमखास असतो. आम्लात एस्टर मिसळायचं, ठरावीक मिनिटांनी पिपेटने थोडं काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचं आणि त्यातलं आम्ल कॉस्टिक सोडा थेंबथेंब घालून मोजायचं, म्हणजे टायट्रेट करायचं. तारीख मार्चची, तापमान २५ अंश आणि वेग-स्थिरांक (अभिक्रियेचा वेग सांगणारा आकडा) थेट पुस्तकातला!

सोलापुरात मार्चमधल्या दुपारी २५ अंश आणायचे कुठून? साधा वॉटर बाथ पाणी तापवतो, गार करत नाही. प्रयोगशाळेत तेव्हा ३५ अंश तरी असतात, आणि ही अभिक्रिया दर दहा अंशांना दुपटीहून जास्त वेग घेते. म्हणजे प्रामाणिकपणे केलेल्या प्रयोगाचं उत्तर पुस्तकापेक्षा दुपटीने तरी मोठं यायलाच हवं. वर हे एस्टर ५७ अंशांनाच उकळतं. बूच सैल राहिलं तर उकाड्यात उडून जातं. द्रावणातून वीज किती वाहते ते मोजणाऱ्या कंडक्टोमीटरचंही तेच. द्रावणाची वाहकता अंशामागे साधारण दोन टक्के वाढते. पोटॅशियम क्लोराइडच्या वाहकतेची २५ अंशांची किंमत ३५ अंशांना वापरली की त्यावरून काढलेला सेल कॉन्स्टंट, म्हणजे मोजणाऱ्या सेलचा गुणक, तिथेच साधारण सहाव्या हिश्श्याने चुकला.

पण परीक्षेत उत्तर ‘स्टँडर्ड’शी जुळलं की गुण, नाही जुळलं की कात्री. मग मुलं काय करणार? मागच्या बॅचचं जर्नल उघडतात आणि उत्तरापासून मागे जात रीडिंग बसवतात. हे गणितही काही सोपं नाही. तेवढ्या वेळात खरा प्रयोग होऊन जाईल.

याची किंमत आमच्याकडे मोजावी लागते. ब्लीचिंगच्या बाथमधलं पेरॉक्साइड आम्ही परमँगनेटने टायट्रेट करतो. एका हुशार मुलीला ते दिलं. पहिलं रीडिंग ११.२, दुसरं ११.९. तिसरं घ्यायच्या आधी तिने विचारलं, “सर, किती यायला पाहिजे?” बाथमध्ये किती आहे हे मला ठाऊक असतं, तर तिला ब्युरेट कशाला हातात दिली असती? हात तिचा चांगला होता. सवय मात्र तीन वर्षं उलटी लागलेली.

बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना हे कळत नाही असं नाही. पण बॅचमागून बॅच उरकताना उत्तर ताडून पाहणं सगळ्यात सोपं असतं, हेही मान्य. म्हणून पद्धतच बदलावी. प्रत्येक विद्यार्थ्याला तापमानाची वेगळी चिठ्ठी द्यावी: कुणाला ३८, कुणाला ४२, कुणाला ४५. आपल्याकडे एवढं पाणी तापवायला कष्ट नाहीत. शेजाऱ्याचं उत्तर उतरवून काही हाती लागणार नाही. उलट दोघांची उत्तरं एकत्र घेतली तर सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) काढता येईल. रीडिंग पेनने, थेट वहीत. खाडाखोड असली तरी चालेल, पण सही त्याच दिवशी व्हावी. आणि ओरलला व्याख्या विचारण्यापेक्षा आलेखावर बोट ठेवून विचारावं, “हा बिंदू रेषेबाहेर का गेला?”

येत्या प्रात्यक्षिक परीक्षेपर्यंत एवढं सगळं जमणार नसेल, तर विद्यापीठाच्या रसायनशास्त्र अभ्यास मंडळाने निदान उत्तरपत्रिकेवर ‘प्रत्यक्ष तापमान’ अशी एक चौकट छापून घ्यावी, आणि ती परीक्षकाने स्वतः थर्मामीटर बघून भरावी.

– कापड रंगवणाऱ्या युनिटमधला एक रसायनज्ञ, सोलापूर