माझ्या बिलावर तुमच्या साहेबांचं मत कशाला?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वर्गणी रद्द करून उरलेल्या सात महिन्यांचे पैसे व माझा डेटा मिळण्याबाबत

महोदय,

सांगलीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर चार वर्षं वापरतोय.

मध्यंतरी तुमच्या संचालकांनी निवडणुकीवर काहीबाही लिहिलं, तेव्हा भाचा म्हणाला, ‘मामा, काढून टाका हे, सगळे काढतायत.’ मी ऐकलं नाही. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या ब्रेंडन आइक यांच्या वेळीही ऐकलं नव्हतं. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी आणणाऱ्या प्रपोझिशन 8 साठी त्यांनी 2008 मध्ये स्वतःच्या खिशातून 1000 डॉलर दिले होते. 2014 च्या मार्चमध्ये ते सीईओ झाले आणि ओरड उठली. ओकेक्युपिड या डेटिंग साइटने तर फायरफॉक्स वापरणाऱ्यांना दुसरा ब्राउझर वापरा म्हणून पाटीच लावली. 3 एप्रिलला त्यांनी पद सोडलं. ज्यांच्या लग्नावर गदा आली त्यांचा राग मला कळतो. पण मी फायरफॉक्स ठेवला, कारण त्यात आइकसाहेबांचं मत कुठे डोकावत नव्हतं. (2017 मध्ये आपल्याकडे लोकांनी स्नॅपचॅट अ‍ॅपवरचा राग नाव सारखं म्हणून बिचाऱ्या स्नॅपडील या खरेदीच्या साइटवर काढला, ती तर गंमतच.)

तुमचं मत मात्र माझ्या बिलावर छापून आलं. मंगळवारी अपडेट झालं आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ याच्या खाली साहेबांचं वाक्य! पाऊण इंची पाइपचं बिल हातात घेऊन गिऱ्हाईक विचारतं, ‘शेठ, तुम्ही पण त्यांच्यातलेच का?’ बावीस वर्षांत गल्ल्यावर बसून मी राजकारण बोललो नाही. माझी उधारी दोन्ही बाजूंकडे आहे.

ती ओळ काढायची सोय सापडली नाही, म्हणून वर्गणी रद्द करायला गेलो. कारणांत ‘महाग वाटते’, ‘वापर होत नाही’, एवढंच. ‘इतर’मध्ये खरं कारण लिहिलं, तर तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलीचा फोन: ‘सर, तुम्ही कोणत्या पक्षाचे?’ तिला दोष देत नाही, समोर लिहिलेलं वाचत असणार. पण वर्गणी अजून चालूच आहे. यालाच सरकारच्या 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत वर्गणीचा सापळा म्हटलंय.

सात महिन्यांचे पैसे परत करा. चार वर्षांची बिलं एक्सेलमध्ये द्या, नुसत्या पीडीएफ नकोत. जीएसटीचे हिशेब 72 महिने सांभाळावे लागतात. पंधरा दिवसांत झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवेन.

तोवर बिलं हातानेच फाडतोय. फोन करू नका, उत्तर लेखी द्या.

आपला,
एक वर्गणीदार, सांगली