विन्यास, मिगच्या रंगाबद्दल

नागपूर, एप्रिल अखेर

प्रिय विन्या,

काल रात्री चिन्मयचा फोन आला. "काका, माळ्यावर मिग विमानाचं मॉडेल सापडलं. सगळा रंग काढून नव्यानं रंगवायचंय. थिनर आणलंय, किती वेळ बुडवू?" मी त्याला एवढंच म्हटलं की डब्याचं झाकण उघडू नको, तुझ्या बाबाला पत्र पाठवतो. फोनवर तू "हौ हौ, पाहतो" म्हणशील आणि जेवायला बसशील, म्हणून पत्र. हे पूर्ण वाचून होईस्तोवर ते थिनर बाल्कनीत ठेव, तेही सावलीत.

माझी तब्येत ठीक, शुगर आटोक्यात. ऊन 44 च्या वर गेलं आहे, तुला नव्यानं काय सांगू.

आधी थिनरचं संपवतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते एनसी थिनर म्हणजे टोल्युइन, एस्टर, कीटोन यांचं मिश्रण. मॉडेल पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचं. हे द्रावक पॉलिस्टायरीनला सरळ विरघळवतात. किटचे भाग जोडायचं सिमेंटही असल्याच द्रावकांचं असतं, दोन कडा विरघळवून ते एकजीव करतं. विमान बुडवलं तर रंग सुटायच्या आधी पंखांच्या कडा आणि पत्र्यांच्या रेघा जातील, मग अख्खा सांगाडा चिकट होईल. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा अॅसिटोन असतं, त्याचंही तेच. पेट्रोलचंही तेच. चिन्मयला पटत नसेल तर लग्नात मिळतो तसला पारदर्शक, कडक प्लास्टिकचा चमचा शोध, ज्याच्या दांड्यावर त्रिकोणात 6 छापलेलं असतं. तो पॉलिस्टायरीनच. त्यावर कापसानं थिनर लावायचं आणि मिनिटभरानं बोट फिरवायचं. जे काही मॉडेलवर वापराल, ते आधी अशा चमच्यावर.

पण माझी खरी काळजी ही नाही. प्लास्टिक न बिघडवता सगळा रंग काढता येतो, ते काही मोठं कठीण नाही. विन्या, तुझ्या हिरव्या रंगाखाली नानांनी लावलेला चांदीचा रंग आहे. हे चिन्मयला माहीत नाही, वहिनींना माहीत नाही. तुला आहे आणि मला आहे. "सगळा रंग काढायचा" म्हटलं की नानाही निघतील.

आपलं भांडण आठवतं ना? तू म्हणत होतास एकाहत्तरचं मिग हिरवं-तपकिरीच पाहिजे, मी म्हणत होतो नानांनी लावलं तेच बरोबर. खरं म्हणजे दोघंही बरोबर होतो. आपल्या हवाई दलाची मिग-21 एफएल विमानं आली तेव्हा उघड्या धातूची, चकचकीत होती, आणि 1971 च्या सुमारास त्यांच्यावर हिरवे-तपकिरी पट्टे चढले. तुझा इतिहास पक्का होता. पण नानांच्या हातावर ब्रश फिरवायचं कारण नव्हतं, हे मी आजही म्हणतो बे. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिगला निरोप दिला, तो पाहूनच पोरगं माळ्यावर चढलं असणार. चांगलंच झालं. आता फक्त वरचा थर काढू या.

हे होऊ शकतं, कारण दोन थरांची जात वेगळी आहे. नानांचा रंग अॅल्युमिनियम पेंट, तेलाच्या बैठकीचा, इतक्या वर्षांत पुरता कडक झालेला. तुझा कॅम्लिनचा अॅक्रिलिक, पाण्यात कालवलेला. अॅक्रिलिकला अल्कोहोल फुगवतं आणि सैल करतं. मुरलेला तेली रंग अल्कोहोलचा थोडा वेळ स्पर्श सोसतो. तो "थोडा वेळ" सांभाळायचा, बाकी सगळी कारागिरी त्यातच. म्हणून बुडवणं बंद. कापसाच्या काडीनं, दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा धरून.

सामान: औषधाच्या दुकानातलं 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, 100 मिलीच्या दोन बाटल्या. मोबाइल दुरुस्तीवाले 99 टक्क्यांचं वापरतात, ते नको. झटकन चावतं आणि झटकन उडतं, थांबायला वेळच देत नाही. पहिल्या चाचणीला तर 70 वाल्यातही तेवढंच आरओचं पाणी घाल. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यातल्या ग्लिसरीनचा तवंग मागे राहतो. कापसाच्या काड्यांची 100 ची दोन पाकिटं, बांबूच्या टूथपिक, मऊ टूथब्रश, भांड्यांचा लिक्विड साबण, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा. ब्लेड, सुई, काहीही लोखंडी टेबलावर ठेवायचंच नाही. असलं की हात जातो.

चाचणी पंखाच्या खालच्या बाजूला, बुंध्याजवळ, जिथे कुणी पाहत नाही. काडी बुडवायची, बाटलीच्या तोंडावर दाबून निथळायची, ओली पण न टपकणारी. टपकलं की ते सांध्यात शिरतं आणि आत बसतं. काडी रंगावर 10-15 सेकंद नुसती टेकवून ठेव. मग घासायचं नाही, लाटायचं. दर फेरीला काडीची नवी बाजू, मग नवी काडी. मळलेली काडी काढलेला रंग परत लावत जाते. अॅक्रिलिक सैल झाला की दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो आणि टूथपिकनं उचलता येतो. कापूस आधी हिरवा होईल. ज्या क्षणी हिरव्यात राखाडी दिसेल, त्या क्षणी हात उचलायचा. अॅल्युमिनियम पेंटमधले धातूचे बारीक पापुद्रे रंग वाळताना वर तरंगून येतात, चमक त्यांचीच असते, आणि घासल्यावर सगळ्यात आधी तेच सुटतात. कापूस राखाडी म्हणजे तू चांदीला पोचलास आणि ती निघायला लागली. तिथे लगेच ओल्या कापसानं पुसून घ्यायचं आणि तो तुकडा दुसऱ्या दिवसापर्यंत सोडून द्यायचा. अल्कोहोलनं थोडा मऊ झालेला जुना रंग ते उडून गेल्यावर परत आवळतो. लगेच पुन्हा हात लावला तर तोच तुकडा जातो. हिरव्याचे बारके ठिपके राहिले तर राहू दे. चिन्मय म्हणेल अजून जरा. नाही म्हण.

आता दोन गोष्टी तुला आठवायच्याच आहेत, कारण तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत.

एक, हिरव्यावरून तू वार्निश मारलं होतंस का? महाल भागातल्या घराची दारं केली तेव्हा कोपल वार्निशचा अर्धा डबा जिन्याखाली पडलेला होता, आणि तू जे दिसेल त्याला ते लावत सुटला होतास, माझ्या कॅरमच्या काठांसकट. मारलं असेल तर हिरवा पिवळसर झाला असेल, आणि ओली काडी अर्धा मिनिट टेकवूनही कापसाला रंग लागणार नाही. तसं झालं तर जोर वाढवायचा नाही आणि 99 टक्केवालंही आणायचं नाही. 2000 नंबरचा वॉटरपेपर पाण्यात भिजवून बोटाच्या टोकानं दोन-तीन हलके फेरे, नुसती चमक मरेपर्यंत. वार्निशचं कातडं फाटलं की अल्कोहोलला खाली वाट मिळते. पंखांच्या कडांवर आणि रिव्हेटांवर पेपर नको. तिथे थर पातळ असतो, एका फेऱ्यात थेट प्लास्टिक लागेल.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. नाकाजवळचा नंबर नानांनी कशानं काढला होता? रंगानं की ड्रॉइंगच्या शाईनं? रूलिंग पेन मला लख्ख आठवतो, त्याच्या दोन पात्यांमध्ये थेंब धरलेला, नानांनी श्वास रोखलेला. पण थेंब कशाचा होता? ड्राफ्ट्समनच्या टेबलावर काळी वॉटरप्रूफ शाई असायचीच, आणि त्या शाईला धरून ठेवायला पुष्कळदा लाख वापरत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणजे ज्या काडीनं हिरवा निघेल, तिनंच नंबर जाईल, आणि पांढऱ्या कापसावर काळं दिसेपर्यंत कळणारही नाही. काल रात्रभर मी ह्याच विचारात होतो.

म्हणून आधी हे करा. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च विमानाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. हिरव्याखाली अक्षरांचा उंचवटा दिसला तर नंबर रंगानं काढलाय, मग थोडं निर्धास्त. काहीच दिसलं नाही तर शाई समजून चालायचं, कारण शाईला जाडी नसते. नाकाच्या त्या भागाला, चारी बाजूंनी सेंटीमीटरभर जास्त धरून, अल्कोहोल अजिबात नाही. तिथे कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, भिजलेला कापूस दहा मिनिटं ठेवायचा आणि टूथपिकनं कडेकडेनं उचलायचं. चकचकीत चांदीवर अॅक्रिलिकची पकड मुळात कमी असते, त्यामुळे सुटेल; वेळ मात्र खाईल. काचा पुसायचा निळा स्प्रे वापरू नका, त्यात बहुधा अमोनिया असतो आणि लाखेला क्षारही सोसत नाही. हवाई दलाची तिरंगी गोल चक्रं जर पाण्यानं चिकटवायचे स्टिकर असतील तर तिथेही हेच, अल्कोहोलनं स्टिकरचं कातडं आक्रसतं. मला वाटतं चक्रं नानांनी कंपासनं काढली होती. तू सांग.

कॉकपिटच्या काचेवरही अल्कोहोल नको. पारदर्शक पॉलिस्टायरीन ठिसूळ, त्यात बसवताना ताण राहिलेला असतो, आणि अल्कोहोलनं अशा ठिकाणी केसासारख्या भेगा पडतात. त्या आतून असतात, घासून जात नाहीत. साबणपाणी आणि टूथपिक, बस. नाकापुढची पिटो नळी, म्हणजे वेग मोजायची ती बारीक दांडी, अजून शाबूत असेल तर तिच्यावर स्ट्रॉचा तुकडा चढवा. काड्या लाटताना मनगट तिथेच आपटतं.

लोक आणखी काय काय सांगतील तेही लिहून ठेवतो, कारण चिन्मय नेटवर पाहणार. ब्रेक ऑइल, डॉट 3: प्लास्टिकला बहुतेक सोसतं, पण तेली रंगही काढतं, म्हणजे नाना गेले. डेटॉल: अॅक्रिलिक छान सोडवतं, पण त्यात तासन्‌तास बुडवावं लागतं, आणि मध्येच पाणी लागलं तर सुटलेल्या रंगाचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. कॉस्टिक सोडा: तेली रंगाला खातोच, वर अॅल्युमिनियमशी त्याची सरळ प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, चांदीचा मागमूस राहणार नाही. चिन्मयच्या कारच्या किटमधल्या बंपरचं क्रोम काढायला साधं ब्लीच पुरतं, पण ते बाथरूममधल्या अॅसिडवाल्या क्लीनरशेजारी कधीही वापरायचं नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू होतो. हे त्याला समोर बसवून सांग.

आणि आग. शुद्ध आयसोप्रोपिलची वाफ 12 अंशांनाही पेट घेऊ शकते, 70 टक्केवालं थोडं वर. पुण्याच्या थंडीतही तेवढी गर्मी असते. खिडकी उघडी, देवघरापासून दूर, उदबत्ती नाही, कूलरच्या बटणाजवळ नाही. वाटीत एका वेळी दोन चमच्यांहून जास्त ओतायचं नाही. वापरलेल्या काड्या झाकणाच्या डब्यात, नंतर बाहेर उघड्यावर सुकवून मगच कचऱ्यात. चौदा वर्षांच्या पोराला एकट्याला बसवू नको. तू बस बाजूला. तुझा हात त्याच्यापेक्षा धीराचा आहे, घाई तेवढी सोड.

शेवटी कोमट पाण्यानं धुऊन दिवसभर सुकू द्यायचं. गरम पाणी नको, हेअर ड्रायर नको. निघालेल्या चांदीवर नवा रंग लावून बरोबरी करायचा मोह होईल. जिथे उडाली तिथे उडाली, तसंच राहू द्या. चिन्मयला नव्यानं रंगवायचंच असेल तर त्याला मी 1/72 मापाचं नवं मिग घेऊन देतो, ते त्यानं हवं तसं हिरवं करावं.

तुझी बदली झाली म्हणे, अभिनंदन. वहिनींचा पाय कसा आहे? माईंना नमस्कार, त्यांच्यासाठी सांबारवडी कुणाबरोबर तरी पाठवतो. माईंनाच विचार ना शाईचं. नाना लिहायला बसले की दौत त्याच तर भरून द्यायच्या.

काडी टेकवायच्या आधी मला पंखाच्या खालच्या बाजूचा आणि आडव्या टॉर्चमधल्या नाकाचा, असे दोन फोटो पाठव. मी पाहून हो म्हणेन, मग सुरू करा.

तुझा,
पद्या

ता. क. तो थिनरचा डबा दुकानदार परत घेत नसेल तर कुणा रंगाऱ्याला देऊन टाक. मोरीत ओतू नको.