वाकळींचंही प्रदर्शन भरवा

महोदय,

दुपारी निवांत वाकळ शिवत बसण्यासारखं सुख नाही. खाली जुनं लुगडं, मध्ये विरलेली धोतरं, वर घरीच रंगवलेले सुती तुकडे. तुरटीत भिजवलेलं कापड डाळिंबाच्या सालीत उकळलं की पिवळं होतं. त्यातच गंजक्या खिळ्यांचं पाणी पडलं की करडं-हिरवट. मग कडेपासून आत धावदोरा घालत जायचं. सगळे थर सुईवर आले की बोटांना बरोबर कळतं. मशीनच्या शिलाईत हे मला कधीच मिळालं नाही.

दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात चित्रप्रदर्शनं भरतात, तसं वाकळींचंही भरवावं. आणि शिवणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना सुईदोऱ्यासकट मानानं तिथं बसवावं.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर