अपडेटनंतर लॅपटॉप बंद, आणि किल्लीचा पत्ता कोणालाच नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विंडोजचे अपडेट झाल्यावर लॅपटॉप नेहमीचा पिन विचारण्याऐवजी निळ्या पडद्यावर ४८ अंकी ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजमधल्या बिटलॉकर या सोयीची राखीव किल्ली) मागू लागतो, आणि अशी काही की आहे हेच मालकाला त्या क्षणी पहिल्यांदा कळते. संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात अशी प्रकरणे माझ्याकडे सातत्याने येतात. यातले बहुतेक लॅपटॉप बिघडलेले नसतात. तरीही ‘विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारावे लागेल’ असे सांगून ते कोरे केले जातात आणि दुकानाचे हिशेब, जीएसटीची बिले, मुलांचे प्रकल्प, गेलेल्या माणसांचे फोटो कायमचे नाहीसे होतात.

हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्कवरचा मजकूर सांकेतिक रूपात साठवला जातो आणि तो उघडण्याची किल्ली टीपीएम नावाच्या चिपच्या ताब्यात असते. संगणक सुरू होताना बायोस (चालू करताच सर्वांत आधी चालणारा मूळ प्रोग्राम) आणि विंडोज सुरू करणारी यंत्रणा पूर्वीसारखीच आहे याची खात्री पटली, तरच ही चिप किल्ली सोडते. अपडेटमुळे त्यात काही बदलले की तिला संशय येतो, ती किल्ली सोडत नाही आणि मग मालकाकडे रिकव्हरी की मागितली जाते. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला डिस्क वाचता येऊ नये म्हणून केलेली ही सोय चांगलीच आहे, आणि ती बंद करावी असे मी कोणालाही सुचवणार नाही. मात्र कधीकधी खुद्द अपडेटच सदोष निघते. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही संगणक असे अडकल्याचे मायक्रोसॉफ्टने मान्य केले आणि ऑगस्टच्या अपडेटमध्ये दुरुस्ती दिली. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही संगणकांवर पुन्हा तसेच घडले.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे घाई न करणे. पडद्यावर एक ‘की आयडी’ दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरे लिहून घ्यावीत आणि मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, लॅपटॉपला जोडलेल्या खात्यात शिरून ‘रिकव्हरी की’ शोधावी. आयडी जुळला की समोरचे ४८ अंक टाकावेत. लॅपटॉप सुरू होतो आणि एकही फाइल जात नाही. खरी अडचण असते ती खाते कोणते, ही. लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने घाईत एखादा नवा ईमेल काढून खाते उघडलेले असते, त्याचा पासवर्ड ग्राहकाला सांगितलेला नसतो. कधी पडताळणीचा मोबाइल क्रमांकही दुकानाचाच असतो. जुना लॅपटॉप विकत घेतला असेल तर की पहिल्या मालकाच्या खात्यात असू शकते, आणि मुलाने महाविद्यालयाच्या ईमेलने लॉगिन केले असेल तर ती महाविद्यालयाकडे असू शकते. की कुठेच सापडली नाही, तर मायक्रोसॉफ्टही ती नव्याने तयार करून देऊ शकत नाही. मग मात्र फॉरमॅट अटळ ठरते. (निळा पडदा न येता फक्त पिन चालत नसेल, तर ‘साइन-इन ऑप्शन्स’मधून खात्याचा पासवर्ड वापरून बहुतेक वेळा आत जाता येते, तिथेही खाते माहीत असावेच लागते.)

ज्यांचा लॅपटॉप आज सुरळीत चालू आहे, त्यांनी ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद करणारी हीच सोय) चालू आहे का हे सेटिंग्जमध्ये आजच पाहावे, असल्यास की छापून घ्यावी आणि खरेदीच्या बिलासोबत ठेवावी. ती त्याच लॅपटॉपमध्ये साठवून काही उपयोग नाही. फोनवरून ‘कंपनीतून बोलतोय’ असे सांगणाऱ्याला ती कधीही वाचून दाखवू नये.

परंतु सगळा भार ग्राहकावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा लॅपटॉप घेतला, त्याची डिस्क कुलूपबंद आहे हे त्याला विकणाऱ्याने सांगितले पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ग्राहकाचा माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि विक्रेत्यांनी या बाबतीतही त्याच भावनेने वागावे, अशी माझी अपेक्षा आहे. खाते ग्राहकाच्याच ईमेलवर आणि मोबाइल क्रमांकावर त्याच्यासमोर उघडावे, रिकव्हरी कीचा छापील कागद बिलासोबत त्याच्या हाती द्यावा आणि त्याची प्रत दुकानात ठेवू नये. दुरुस्ती करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनीही फॉरमॅट करण्यापूर्वी मालकाची सर्व खाती तपासून पाहावीत आणि की खरोखरच मिळत नसेल, तर त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय डिस्कला हात लावू नये.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, सांगली