पहिला छोटा ड्रोन घेण्याआधी साताऱ्याचा वारा आणि डोंगर पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ड्रोनविषयी जिल्ह्याच्या पानावर येणाऱ्या बातम्या बहुधा दोन टोकांच्या असतात. एकीकडे फवारणीच्या मोठ्या ड्रोनचे प्रात्यक्षिक आणि बचत गटातील महिलांचे प्रशिक्षण, तर दुसरीकडे रात्री गावावर कोणीतरी ड्रोन फिरवत असल्याची चर्चा आणि तिच्यातून पसरणारी भीती. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे, तो म्हणजे पाव किलोपेक्षा हलका, कॅमेरा असलेला, नवख्यालाही पहिल्याच दिवशी हवेत स्थिर ठेवता येईल असा छोटा ड्रोन. महाविद्यालयीन मुले, ट्रेकर, हौशी छायाचित्रकार आणि काही शेतकरीही आता तो विकत घेऊ लागले आहेत. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पालक आणि माजी विद्यार्थी ‘कोणता घ्यावा’ असे मला वारंवार विचारतात, म्हणून हे पत्र. माझे मत असे की हे यंत्र घेण्याजोगे आहे. परंतु ते उडवणे जेवढे सोपे झाले आहे, तेवढेच आपल्या जिल्ह्यात ते उडवण्यासाठी योग्य जागा आणि वेळ निवडणे कठीण आहे. त्यामुळे कोणता ड्रोन घ्यायचा यापेक्षा तो कुठे उडवायचा, याचा विचार आधी व्हायला हवा.

या यंत्राचे फायदे खरोखर मोठे आहेत. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात आणि मग एकत्र काटकोनात वळतात, हे घाटावर उभे राहून मुलांना कितीही समजावले तरी डोळ्यांपुढे येत नाही. शंभर फुटांवरून घेतलेल्या एका छायाचित्रात ते क्षणात कळते. माण-खटाव भागात डोंगरउतारावर खोदलेले सलग समतल चर खरोखर समपातळीत आहेत की नाहीत, कुठला बांध फुटला आहे, पहिल्या पावसानंतर पाणी कुठे अडले आणि कुठे वाहून गेले, हे गावकऱ्यांना वरून एका नजरेत दिसते. उसाचा फड आत कुठे लोळला आहे, ठिबकची नळी कुठे तुंबल्यामुळे पिकाचा रंग फिका पडला आहे, हे बांधावरून दिसत नाही. विज्ञानाच्या तासाला तर याहून चांगले साधन विरळाच, कारण चार पंख्यांपैकी दोन एका दिशेने आणि दोन उलट दिशेने का फिरतात, या एका प्रश्नातून न्यूटनचा तिसरा नियम आणि घूर्णनाचा तोल मुलांच्या हाती लागतो.

आता त्या सोपेपणाविषयी. चांगला छोटा ड्रोन हवेत जागच्या जागी थांबतो तो उडवणाऱ्याच्या कौशल्यामुळे नव्हे. उपग्रहांकडून मिळणारे स्थान, हवेच्या दाबावरून काढलेली उंची आणि पोटाखालच्या कॅमेऱ्याने टिपलेली जमिनीची चित्रे यांच्या आधारे तो सेकंदाला अनेक वेळा स्वतःला सावरत असतो. संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली तर निघाल्या जागी आपोआप परत येण्याची ‘रिटर्न टू होम’ ही सोयही त्यात असते. नवख्यासाठी हे वरदान आहे, यात शंका नाही. मात्र यामुळे तो सगळे यंत्रावर सोपवायला शिकतो आणि यंत्राचा आधार सुटतो तेव्हा काय करायचे, हे त्याला ठाऊक नसते. दाट झाडीखाली किंवा अरुंद घळीत उपग्रहांचे संकेत क्षीण होतात. धोमच्या किंवा कण्हेरच्या जलाशयासारख्या हलत्या पाण्यावर खाली उडताना पोटाखालचा कॅमेरा फसतो, कारण त्याला ज्या खुणा धरून ठेवायच्या त्या स्वतःच सरकत असतात. म्हणून प्रत्येक नवख्याने पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात, कमी उंचीवर, ड्रोनचे तोंड आपल्याकडे करून तो उडवण्याचा सराव करावा. तोंड आपल्याकडे असताना डावे-उजवे उलटते आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

साताऱ्याचा वारा हा स्वतंत्र विषय आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या तिथे वारा आहे म्हणूनच. पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरला पावसाळ्यात धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर फेकले जाते आणि ते पाहायला गर्दी लोटते. जो वारा धबधब्याचे पाणी परतवतो, त्याच्यापुढे अडीचशे ग्रॅमच्या यंत्राची काय कथा! या वजनाचे चांगले ड्रोन ताशी साधारण ३६ ते ३८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यापर्यंत तग धरतात, असे उत्पादक सांगतात. मात्र कड्याच्या धारेवर वारा एकसारखा नसतो. समोरून तो वर चढतो आणि कड्यामागे भोवरे करत खाली कोसळतो.

इथे एक साधे गणित प्रत्येकाने करून पाहावे. समजा ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि वारा सेकंदाला ८ मीटर वेगाने वाहतो आहे. वाऱ्यासोबत जाताना तो सेकंदाला १८ मीटर अंतर कापतो, म्हणजे एक किलोमीटर एका मिनिटाच्या आत. परत येताना मात्र वेग उरतो सेकंदाला अवघा २ मीटर, आणि त्याच एका किलोमीटरला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. खोक्यावर लिहिलेली उड्डाणाची मिनिटे जवळजवळ शांत हवेत मोजलेली असतात. वाऱ्याच्या दिशेने निर्धास्त निघून गेलेला ड्रोन दरीत का उतरतो, याचे उत्तर बहुतेक वेळा या गणितात सापडते. त्यामुळे जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, येताना वाऱ्यासोबत यावे आणि बॅटरी एक-तृतीयांश उरली की माघारी फिरावे.

डोंगराळ भागातला दुसरा धोका उंचीच्या मोजमापाचा आहे. पडद्यावर दिसणारी उंची ही ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनची असते, त्याच्या खाली त्या क्षणी असलेल्या जमिनीपासूनची नव्हे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याहून उडवलेला ड्रोन पडद्यावर ८० मीटर दाखवत असतानाच उतारावरच्या झाडाला धडकू शकतो. उलट, किल्ल्यावरून उडवून शहराच्या दिशेने नेला तर पडद्यावर वीसच मीटर दिसतील, पण खालच्या जमिनीपासून तो कायद्याने घातलेली १२० मीटरची मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेला असेल. परत येण्याची उंचीही वाटेतल्या सर्वांत उंच कड्यापेक्षा अधिक ठेवावी लागते. कारखान्यातून आलेली मांडणी तशीच राहू दिली तर परतीच्या सरळ रेषेत डोंगर आडवा येऊ शकतो.

खरेदीविषयी थोडक्यात लिहितो. दोन-चार हजारांत मिळणारे बरेच ड्रोन खेळण्याच्या वर्गातले असतात. त्यांत उपग्रहाधारित स्थिरता नसते, खोक्यावर ‘फोर के’ छापलेले असले तरी प्रत्यक्ष चित्र धूसर येते आणि जरा वारा सुटला की ते वाहून जातात. घरातल्या घरात, पंख्यांना संरक्षक कडी लावून हात बसवण्यापुरते ते चालतील. छायाचित्रणासाठी घेऊ नयेत. कॅमेरा तीन अक्षांवर तोलून धरणारा गिंबल, उपग्रहाधारित स्थान आणि सुटे पंखे व बॅटऱ्या सहज मिळण्याची खात्री, या बाबी असल्याशिवाय मोठी रक्कम घालण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा एवढेच अपवाद ठेवले. नामांकित चिनी बनावटीचा नवाकोरा ड्रोन कोणी स्वस्तात देऊ करत असेल, तर पावती, हमी आणि दुरुस्ती यांपैकी काय मिळणार आहे, हे आधी विचारावे. परदेशातील परीक्षणे पाहून मन बनवणाऱ्या मुलांना हे माहीतच नसते.

कायद्याबाबतही अर्धवट माहिती फार पसरली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गणला जातो आणि तो उडवण्यासाठी रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे २ किलोपर्यंतचा ड्रोन ‘मायक्रो’, आणि व्यवसायासाठी, उदाहरणार्थ लग्नाच्या चित्रीकरणासाठी, तो वापरायचा तर प्रमाणपत्र लागते. येथे वजन म्हणजे बॅटरी आणि वर लावलेल्या सर्व वस्तूंसह एकूण वजन. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला मोठी बॅटरी किंवा संरक्षक कडी जोडली की तो ‘नॅनो’ राहत नाही, त्याला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही लागू होतो, आणि हे विक्रेते क्वचितच सांगतात. प्रमाणपत्र लागत नाही याचा अर्थ नियम लागत नाहीत असा तर मुळीच नव्हे. नोंदणीचे नियम वेगळे आहेत आणि हवाई क्षेत्राचे हिरवे (मोकळे), पिवळे (परवानगीचे), लाल (मनाईचे) पट्टे दाखवणारा सरकारी नकाशा उड्डाणापूर्वी पाहणे ही नॅनोवाल्याचीही जबाबदारी आहे. आपल्या जिल्ह्यात कराडला विमानतळ आहे, कोयनेसारखे संवेदनशील धरण आहे आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे मोठे क्षेत्र आहे. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले कासचे पठारही वनविभागाच्या अखत्यारीत येते. तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवण्याचा विचारही करू नये.

नियमपुस्तिकेत नसलेल्या काही गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. आपल्या किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. पंख्यांच्या घरघरीने ती उठली तर ड्रोन उडवणारा पळ काढेल, पण पायवाटेवर अडकलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी आणि शाळेच्या सहलीने काय करावे? आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण होते. हजारो लोकांच्या मधून अश्व धावतात आणि ते दृश्य वरून टिपण्याचा मोह कोणालाही होईल. तो मोह आवरावा, असे मी कळकळीने सांगतो. डोक्यावरच्या अनोळखी आवाजाने घोडा बुजला तर काय अनर्थ होईल याची कल्पना करावी. शिवाय वीस मीटरवरून निसटलेली वस्तू, हवेचा अडथळा नसता तर, ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने जमिनीवर येते. अडथळ्यामुळे तो वेग काहीसा घटतो, तरी फिरत्या पंख्यांचे पाव किलो वजन लहान मुलाच्या चेहऱ्यावर आदळणे ही किरकोळ बाब नाही. गर्दीवरून ड्रोन न्यायचाच नाही, मग यंत्र कितीही हलके असो.

खासगीपणाचा प्रश्नही आपण गांभीर्याने घेतलेला नाही. संगम माहुलीच्या घाटावर स्नानाला किंवा धुण्याला आलेल्या स्त्रिया, गच्चीवर वाळवण घालणारे कुटुंब, अंगणात झोपलेली माणसे यांनी आपले चित्रीकरण व्हावे असे कोणालाही सांगितलेले नसते. एखाद्या स्त्रीचे खासगी क्षण तिच्या संमतीविना टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. ‘मी फक्त नदीचे दृश्य घेत होतो’ हा खुलासा उडवणाऱ्याला कितीही खरा वाटला, तरी खाली उभ्या असलेल्या माणसाला कॅमेरा कुणीकडे वळला आहे हे कळण्याचा काहीच मार्ग नसतो. रात्रीच्या ड्रोनच्या चर्चांनी गावोगाव जी भीती बसली आहे, तिच्यामुळे हौशी मुलाला जमावाच्या रोषाला तोंड द्यावे लागण्याची शक्यता खरी आहे. गावाजवळ उडवण्यापूर्वी सरपंच किंवा पोलीस पाटील यांना सांगावे, दिवसाच उडवावे आणि लोक विचारायला आले तर त्यांना पडदा दाखवावा. आपल्याच घराचे छप्पर वरून पाहिल्यावर बहुतेकांचा राग निवळतो, असा माझा अनुभव आहे.

या सर्वांचा विचार करता, शाळेने किंवा ग्रामपंचायतीने एक चांगला नॅनो ड्रोन सामाईक घ्यावा आणि जबाबदार शिक्षकाच्या देखरेखीखाली मुलांना तो शिकवावा, हे प्रत्येक घराने स्वतंत्र खरेदी करण्यापेक्षा मला अधिक योग्य वाटते. ज्याला छायाचित्रणाची खरी ओढ आहे त्याने नंतर स्वतःचा अवश्य घ्यावा.

प्रशासनाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. कास, ठोसेघर, अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड आणि पाचगणीचे टेबललँड या ठिकाणी ड्रोन चालतो की नाही, परवानगी कोणाकडून घ्यायची आणि ती नसल्यास काय कारवाई होते, हे प्रवेशाच्या जागी मराठीत स्पष्ट लिहिलेले फलक लावावेत. तसेच नियमांनुसार पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या समकक्ष अधिकाऱ्याच्या आदेशाने एखादे क्षेत्र एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते ‘लाल’ जाहीर करता येते. पालखी, गणेश विसर्जन किंवा मोठ्या यात्रांच्या वेळी असे आदेश निघाले, तर ते आदल्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रांकडे पोहोचवावेत, आणि आपण ते जिल्ह्याच्या पानावर ठळकपणे छापावेत, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक विज्ञान शिक्षक, सातारा