तीस जीव, तेही फुकट

महोदय,

हल्ली मोबाइलवरील खेळात जीव संपले की पैसे मागितले जातात, तेव्हा नव्वदच्या दशकात नौपाड्यातील आमच्या चाळीत टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम आठवतो. कोनामी कंपनीच्या, १९८८ साली घरगुती यंत्रावर आलेल्या ‘कॉन्ट्रा’मध्ये आरंभीच्या पडद्यावर वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे आणि मग बी व ए ही बटणे दाबली की तीनऐवजी ३० जीव मिळत, आणि हा क्रम पाढ्यांआधी पाठ झालेली मुले आमच्यात कमी नव्हती. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ छापलेले असे. प्रत्यक्षात तेच पाच-सहा खेळ पुन्हापुन्हा येत (ती फसवणूकही आम्ही आनंदाने सोसली). चित्र थरथरले, की कॅसेट काढून फुंकर मारायची. माझ्या मते ‘मारिओ’पेक्षा ‘कॉन्ट्रा’च सरस, कारण तो दोघांना एकाच वेळी खेळता येई.

– एक वाचक, ठाणे