फलकावरचे पाच लाख: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

काल हॉस्पिटलमधल्या सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवरून फोन आला. मुलाच्या उपचारांचा प्रस्ताव नामंजूर, कागदपत्रे अपुरी. कोणती अपुरी, हे फोनवरच्या मुलीलाही माहीत नव्हतं. केशरी रेशनकार्ड, आधार, फोटो, रिपोर्ट, सगळं दिलं होतं. माझी जन्मपत्रिका तेवढी राहिली असेल.

मुलगा तीन वर्षांचा. त्याला कावासाकी झाला. यात रक्तवाहिन्यांना सूज येते. तोमिसाकू कावासाकी या जपानी डॉक्टरांनी 1967 साली हा आजार पहिल्यांदा मांडला. पाच-पाच दिवस ताप हटत नाही, डोळे लाल, जीभ लालभडक, तळहात सुजलेले. आमच्याकडे आधी गोवर ठरला, मग अँटिबायोटिक बदललं. उपचार झाले नाहीत तर चारातल्या एका मुलाच्या हृदयाच्या धमन्यांना फुगे येतात, साहेब. दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटिबॉडीजचं औषध, गेलं तर हेच प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं. किलोला दोन ग्रॅम. माझं पोर बारा किलोचं, म्हणजे पाच-पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या. प्रत्येक बाटलीची किंमत हजारांत.

दहा दिवसांतले बरेचसे तापातच गेले होते, आणि मंजुरीवर 'क्वेरी' पडली, म्हणजे शंका काढून फाईल अडवली. शनिवार होता. "सोमवारी बघू," योजनेच्या खिडकीवरचा आरोग्यमित्र म्हणाला. मागच्या भिंतीवर तुमचा हसरा फोटो, खाली 'पाच लाखांपर्यंत मोफत उपचार'. त्याच फोटोखाली उभं राहून मी सोनाराला फोन केला. पाटल्या गेल्या.

एवढं करूनही ताप उतरला नाही. शंभरातल्या दहा-वीस मुलांचं असंच होतं म्हणे. मग शिरेतून स्टेरॉइड, नंतर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं सिरप. जास्त धोका असलेल्या मुलांना हे सुरुवातीपासूनच दिलं तर धमन्यांची इजा कमी होते, असा जपानी अभ्यास 2012 सालीच आलाय. स्टेरॉइड म्हटल्यावर सासूबाई रडायला लागल्या, शेजारणीने आयुर्वेद सुचवला. पण ताप स्टेरॉइडनेच उतरला. औषध स्वस्त, कडू जहर. ओठ घट्ट मिटतो, मी गाल दाबून सिरिंज आत सरकवते, निम्मं माझ्या बाहीवर. गाल टम्म फुगलेत, रात्री दोन वाजता वरणभात मागतो, बोटांच्या टोकांची साल सुटतेय. पुढच्या इकोची, हृदयाच्या सोनोग्राफीची, तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे, तिकडे बघवत नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. इम्युनोग्लोब्युलिनचा साठा जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात कायम असावा. तातडीची मंजुरी रविवारीही मिळावी. पाच दिवसांच्या तापाला कावासाकीची शंका घ्या, एवढं गल्लीतल्या दवाखान्यांपर्यंत पोचवावं.

पण मागून काय होणार? 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, राज्यांनी बजेटचे आठ टक्के आरोग्याला द्यावेत, तेही 2020 पर्यंत. कुठे आहेत? आमच्या पुण्यात मेट्रो आली, नदीकाठ सजतोय, चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स. पैसा नाही असं कुणी म्हणू नये. टॅक्स कापताना कधी कुणाची क्वेरी पडत नाही. नगरसेवक म्हणतात आमदाराला भेटा, आमदारांचे पीए म्हणतात मेल करा, आणि मेलला उत्तर येतं 'आपली तक्रार नोंदवली आहे'. नोंदवायला तुम्ही सगळे पटाईत.

उत्तर द्याल तेव्हा त्यावर तुमचा फोटो नसला तरी चालेल. कोणता कागद अपुरा होता तो, आणि नामंजूर करणाऱ्याची सही, एवढं असू द्या.

एक आई,
धनकवडी, पुणे